ड्रायव्हरचं ताट

“‘पतीचं निधन झालं आणि माझ्यावर आभाळ कोसळलं.’ हे कुणी लिवलं, पोरी?”

मनकर्णाबाईंनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. ओळीवरचं बोटही हलवलं नाही. समोर टेबलाशी बसून तनुजा चहात बिस्किट बुडवत होती. ते बिस्किट चहातच राहिलं.

“मीच, मावशी. तुम्ही सांगितलं, मी शब्दांत मांडलं.”

“म्या आसं सांगितलं?”

“भावार्थ तोच ना.”

“म्या सांगितलं, तेराव्याचं जेवण उरकलं, पाव्हणे गेले, आन् मी लगीन झाल्यापासून पहिल्यांदा डोळा भरून झोपले. त्यात आभाळ कुठून घुसलं?”

तनुजा हसली. ती कॉलेजात मराठी शिकवायची आणि रविवारच्या पुरवणीत कर्तबगार बायकांवर लिहायची. तिच्या लेखातली कुठलीही बाई कधी खचायची नाही, डगमगायची नाही आणि शेवटच्या परिच्छेदात तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच. मग ती बाई पापड लाटणारी असो की विमान चालवणारी. सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या.

हीच तनुजा पावसाळाभर दुपारी यायची, मोबाइल टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, “मावशी, अगदी मनमोकळं बोला.” बाई बोलल्या. सत्तरीपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून विचारल्याबरोबर सगळंच बोलल्या. आज सकाळी पुस्तकांचे खोके सिडकोतल्या या घरी येऊन पडले होते आणि संध्याकाळी प्रकाशन होतं. पुस्तकाचं नाव ‘अन्नपूर्णेची अग्नियात्रा’. मुखपृष्ठावर मावळता सूर्य, खाली पेटती चूल आणि मधे बाईंचा चेहरा, गालावर एक टपोरा अश्रू.

“हे डोळ्यातलं पाणी कुणी घातलं? फोटो काढताना मी तर त्या फोटोवाल्याला शिव्या घालत व्हते.”

“ते डिझायनरनं केलंय. छान दिसतं.”

बाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि पान उलटलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे वाचन सावकाश चालायचं. पुढच्या पानावर त्यांचं बोट पुन्हा अडलं.

“‘पतीच्या ताटात जेवताना मला अमृताची गोडी वाटे.’” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अमृत! अगं, तो ताटातच चूळ भरायचा. भाकरीचे तुकडे, बेडका, त्यातच तंबाखूची काडी. आन् सासू म्हणायची, बायकोनं नवऱ्याच्याच ताटात जेवायचं, तीच रीत हाय. म्या एक दिवस ते ताट राखेनं घासलं आन् मग वाढून घेतलं, तर तिनं पळी लालबुंद करून हातावर ठिवली. हे बघ.” त्यांनी पदर सरकवला. दंडावर जुना काळपट डाग होता. “हे तुला दाखवलं व्हतं का नाय?”

“दाखवलं होतं, मावशी. पण राजेंद्रसर म्हणाले, वाचणाऱ्यांना नकारात्मक वाटेल.”

राजेंद्र, म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. शिकवणीचा क्लास चालवून त्याच्या नावामागे ‘सर’ लागून बरीच वर्षं झाली होती, आता पुढे ‘नगरसेवक’ लागावं म्हणून तो धडपडत होता. आईचं पुस्तक हा त्या धडपडीचाच भाग. बॅनर काढायचा तर त्यावर काहीतरी हवंच, आणि इतरांच्या आया नुसत्याच आया होत्या. याच्या आईनं बत्तीस वर्षं यात्रा कंपनीच्या बसबरोबर फिरून स्वयंपाक करून पोरगा शिकवला होता. त्यापुढे ‘संघर्ष’ हा शब्द लावला की काम झालं.

बाई वाचत राहिल्या. मधेच नाकातून फुत्कार, मधेच “हूं”. तनुजाला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात त्या थांबल्या. तीच ओळ दोनदा, मग तिसऱ्यांदा वाचली. ‘बसचे ड्रायव्हर दाऊदभाई म्हणजे माझे मानलेले भाऊ. दर वर्षी राखी पौर्णिमेला मी त्यांना राखी बांधत असे आणि ते माझ्या रक्षणाचं वचन देत.’

“राजूला बोलव,” त्या म्हणाल्या.

राजेंद्र नवा कुर्ता घालूनच आला. इस्त्री मोडू नये म्हणून तो बसला नाही.

“म्या कवा राखी बांधली रं दाऊदला?”

“आई, आता कशाला ते? छापून झालंय.”

“कवा बांधली, ते सांग.”

“अगं, माणसं वाचणार. बस, प्रवास, परका माणूस, त्यात मुसलमान. दिवस कसलेत बघतेस ना? भाऊ म्हटलं की विषय मिटतो. उलट चांगलं दिसतं. आपल्या वॉर्डात दोन्ही मोहल्ले येतात.” राजेंद्रनं आवाज खाली आणला, मोठी आनंदाची बातमी असावी तसा. “आणि ऐक. आज मी दाऊदचाचांना स्टेजवर बोलावलंय. काकासाहेबांच्या हस्ते प्रकाशन झालं की तू चाचांना राखी बांधायची. ताट, निरांजन, सगळं तयार आहे. फोटोग्राफर दोन सांगितलेत.”

“दाऊद हो म्हनला?”

“मी स्वतः रोशन गेटला जाऊन आलो. म्हणाले, बाईंची इच्छा असेल तर येतो.”

“आन् माझी इच्छा हाय आसं तू सांगून आला.”

राजेंद्र कुर्त्याची घडी सारखी करू लागला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. याला देवगाव रंगारीला बहिणीकडे ठेवून त्या पहिल्यांदा बसमध्ये चढल्या, तेव्हा हा पदर सोडत नव्हता. त्याच पोरानं आता आईच्या आयुष्यावर रंगसफेदी करून घेतली होती.

“मी येणार नाय,” त्या म्हणाल्या.

“मग चाचा एकटेच बसतील स्टेजवर, हात पुढे करून. बघ तू.”

हे मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं. बाई उठल्या आणि कपाटातलं लुगडं काढायला आतल्या खोलीत गेल्या.

शहागंजातली ती यात्रा कंपनी कधीच बंद पडली. पण तिच्या बस भारतभर फिरायच्या, चारधाम, काशी, जगन्नाथपुरी, रामेश्वर. मनकर्णाबाई सगळीकडे गेल्या आणि त्यांनी सगळीकडच्या धर्मशाळांची मागची बाजू पाहिली. यात्रेकरू देवळाच्या रांगेत लागले की या बटाटे सोलायला बसायच्या. पुण्य मिळवायला निघालेली ती माणसं शेजारच्याच्या ताटात किती पुऱ्या पडल्या ते बरोबर बघायची. गंगेत बुडी मारून वर यायची आणि पहिला प्रश्न, “आज भाजीत शेंगदाणे का नाही?” बाईंची देवाबद्दल काही तक्रार नव्हती, पण त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांबद्दल होती. असल्या माणसांना रोज रोज भेटायचं म्हणजे देवालाही जड जात असेल, असं त्यांना वाटायचं.

दाऊद बस चालवायचा. उंच, हडकुळा, बोलायला कमी. सगळी बस त्याला ‘दाऊदभाई’ म्हणायची. बाई तेवढ्या ‘डायवर’ म्हणायच्या, आणि तोही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचा.

यात्रेच्या बसची एक रीत होती. कुठेही मुक्काम पडला तरी पहिलं ताट ड्रायव्हरचं. त्यानं जेवून झोपायचं, म्हणजे पहाटे गाडी हाकताना डोळा लागत नाही. हे ताट नैवेद्याच्याही आधी जायचं. एकदा हरिद्वारला एका शेठाणीनं आकांत केला, देवाच्या आधी ड्रायव्हरला वाढता, आणि तेही कुणाला! बाईंनी झारा खाली न ठेवता सांगितलं, “देव उपाशी राहिला तर रुसंल, शेठाणीबाई. ह्यो उपाशी राहिला तर उद्या तुमी सगळे दरीत. बोला, कुणाला आधी वाढू?” शेठाणी पंगतीत जाऊन बसली. वाटेतला घाट तिनंही पाहिला होता.

दाऊद जेवायचा तेव्हा बाई समोर उभ्या राहायच्या. तो खाली मान घालून खायचा, ताटात एक शीत ठेवायचा नाही. शेवटी म्हणायचा, “बाई, मीठ बराबर.” बस्स, एवढंच बोलणं. पण त्या दोन शब्दांसाठी दिवसभर भट्टीपुढे बसायचं बाईंना काही वाटत नसे.

रामेश्वरच्या एका मुक्कामात यात्रेकरू दुपारचे आडवे झाले असताना दाऊदनं खिडकीशी येऊन सांगितलं, “बाई, डीझल भरकू आता. चलते क्या? तुमने समिंदर नै देखा अब्बीतक.”

किती वेळा त्या रामेश्वरला आल्या होत्या, आणि समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. हे दुसऱ्या कुणाच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. एरवी त्या मागच्या बाकावर पिठाच्या पोत्यांना टेकून बसायच्या, खिडकीही पोत्यांनी झाकलेली. त्या दिवशी पुढच्या सीटवर बसल्या, पदर सावरून. रिकामी बस, पाठीमागे सगळ्या सीटा मोकळ्या. दाऊदनं गाडी वाळूपर्यंत नेली आणि इंजीन बंद केलं.

बाई खूप वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं पानी, आन् पिता येत नाय. आपल्या गावच्या नळासारखंच.”

दाऊद असा हसला की त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. त्याला तसं हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच दुपारी बाईंनी त्याला ताटाची, राखेची, पळीची गोष्ट सांगितली. तो हसायचा थांबला. मग म्हणाला, “ऐसा नै होना था, बाई.”

तिथं त्यांचा जीव जडला. हे त्यांनी तनुजाला सरळ सांगितलं होतं, “दाऊदवर माझा जीव व्हता, त्याचा माझ्यावर. त्याची बायको सगीरा घरी व्हती, लेकरं व्हती, माझा राजू व्हता. आमी कुणाचं घर मोडलं नाय. हात धरला नाय एकमेकाचा. पन जीव व्हता, हे लिव.” तनुजानं मान डोलावली होती. आणि पुस्तकात रामेश्वरच्या पानावर आलं होतं, ‘समुद्रस्नानानं माझं अंतःकरण पावन झालं.’

संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या दोन रांगा राजेंद्रच्या क्लासची पोरं, मग वॉर्डातल्या बायका, मागे जेवणाच्या वासावर आलेली मंडळी. बाजूच्या मोकळ्या जागेत मांडव, तिथे केटररनं बुफे लावला होता. स्टेजवर काकासाहेब मधल्या खुर्चीत. हे एका पतसंस्थेचे, दोन शाळांचे आणि आणखी कशाकशाचे अध्यक्ष, पक्षाचं तिकीट यांच्या खिशातून निघायचं. कार्यक्रम बाईंचा होता पण हार पहिला काकासाहेबांना, दुसराही काकासाहेबांना.

दाऊद शेवटच्या खुर्चीत बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, टोपी. सगीरा जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी कहकशा त्याला हाताला धरून घेऊन आली होती आणि समोरच्या रांगेत बसली होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं उजव्या हाताची बाही आधीच वर सरकवून ठेवली होती. अर्ध्या हिंदुस्थानातून बस हाकणारं ते मनगट वाळून गेलं होतं. याला कुणीतरी सांगितलं की बाईंची इच्छा आहे, आणि हा मनगट घेऊन आला. रागावायचं तरी कुणावर?

भाषणं सुरू झाली. तनुजा बोलली, तिचा गळा ठरल्या जागी दाटला. राजेंद्र बोलला, ‘आई’ हा शब्द आला की मुठी वळायचा. मग काकासाहेब उठले. पुस्तक त्यांनी उघडलेलंही नव्हतं, सेलोफेन तसंच होतं. तरी ते त्याच्यावर बोलले, मग स्त्रीशक्तीवर, मग रस्त्यांवर, मग विरोधकांवर. बाई शाल पांघरून, नारळ मांडीत घेऊन बसल्या होत्या. इतकं खोटं एका जागी त्यांनी काशीच्या पंड्यांकडेही ऐकलं नव्हतं, आणि पंडे निदान दक्षिणा घेऊन सोडायचे तरी.

त्यांचं लक्ष दाऊदकडे होतं. त्याच्या कपाळावर घाम होता. साखरेच्या आजाराचा माणूस, जेवणाची वेळ केव्हाच टळलेली. कहकशा समोरून अर्धवट उठत होती, पुन्हा बसत होती.

“आणि आता तो भावनिक क्षण!” निवेदकानं माइक घट्ट धरला. राजेंद्र ताट घेऊन पुढे आला. निरांजन, कुंकू, पेढे आणि मधे ठसठशीत सोनेरी राखी. फोटोवाले गुडघ्यांवर बसले. दाऊद उठून उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला. त्यानं बाईंकडे पाहिलं नाही.

बाईंनी नारळ खुर्चीवर ठेवला. ताटाकडे गेल्या, राखीकडे नीट पाहिलं आणि निवेदकाच्या हातून माइक घेतला.

“डायवर उपाशी हाय,” त्या म्हणाल्या. “आधी त्याचं ताट.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग काकासाहेबांनी टाळी वाजवली. “बघा! अतिथी देवो भव! ही आपली संस्कृती!” मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. राजेंद्रही हसला, फोटो जेवतानाही निघेल असा त्यानं विचार केला असावा. बाईंनी दाऊदच्या कोपराला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. “चला डायवर,” त्या म्हणाल्या आणि त्याला पायऱ्या उतरवून मांडवात घेऊन गेल्या. हॉल त्यांच्या मागोमाग आला. जेवण सुरू झालं म्हटल्यावर भाषणात बसायला तसंही कुणी तयार नव्हतं.

केटरर म्हणाला, “आजी, पाहुण्यांचं अजून...” बाईंनी त्याच्या हातातला झारा काढून घेतला आणि तो मुकाट बाजूला झाला. त्यांनी भगोन्यांची झाकणं स्वतः उघडली. स्टीलचं ताट घेतलं, पदरानं पुसलं. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, भात, वर वरण. दाऊदनं जिलबीकडे पाहिलं.

“नाय,” बाई म्हणाल्या.

“एकच, बाई.”

“नाय म्हनले ना.”

तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून जेवू लागला. बाई समोर उभ्या राहिल्या. आजूबाजूला प्लेटांचा खणखणाट, लोक पनीरवर तुटून पडले होते, काकासाहेबांसाठी वेगळं टेबल लागलं होतं. चारपाच घास गेल्यावर दाऊदच्या कपाळावरचा घाम वाळला. तो पूर्वीसारखाच खाली मान घालून जेवला, ताटात शीत ठेवलं नाही. मग वर पाहून म्हणाला, “मीठ बराबर नै आज. तुमने नै बनाया.”

“नाय. भाड्याचं हाय सगळं.”

त्यानं ताट खुर्चीखाली ठेवायला हात नेला. बाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं. त्याच ताटात वरणभात वाढून घेतला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. न धुता, न पुसता. जिथे त्याची बोटं फिरली होती तिथेच त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला.

क्लासच्या पोरांना काही कळलं नाही, ती सेल्फी काढत राहिली. काकासाहेबांनाही नाही, त्यांचं लक्ष जिलबीत होतं. पण वॉर्डातल्या वयस्कर बायकांना कळलं. एकीनं दुसरीचा दंड दाबला. बघता बघता त्या बाजूचं बोलणं थांबलं. ज्यांनी सासूच्या धाकानं तसं जेवण जन्मभर केलं होतं, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कहकशा बापाच्या खुर्चीमागे उभी होती. ती बराच वेळ बाईंकडे बघत राहिली. मग तिनं पाण्याचा पेला भरला आणि बाईंच्या हाताशी आणून ठेवला.

राजेंद्र माणसांतून वाट काढत आला. हातात राखीचं ताट अजून होतं, निरांजन विझलेलं.

“आई,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “अगं, ते उष्टं ताट आहे.”

“म्हाईत हाय.”

“सगळे बघतायत.”

“बघू दे. पुस्तकात नाय आलं ना, इथं बघू दे.” त्यांनी पुढचा घास घेतला. “ते ताट घिऊन जा, राजू. इथं तुझ्या राखीचं कुणी नाय.”

फोटोवाला येताना दिसला तेव्हा राजेंद्रनं राखी मुठीत घेतली आणि खिशात घातली.

दाऊदनं वर सरकवलेली बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावू लागला. बोटं ऐकत नव्हती. बटण दोनदा निसटलं. कहकशा पुढे झाली, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. बाई भात खात होत्या. तिसऱ्यांदा बटण काजात गेलं.